फाशी झाली म्हणजे काय झाले?

२०१७ च्या नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा न्यायालयात सहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. २३ तारखेला खर्ड्याच्या खटल्यातले सगळे आरोपी निर्दोष सुटले. २९ तारखेला कोपर्डीच्या खटल्यातल्या तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. खर्डा जामखेड तालुक्यातले, कोपर्डी शेजारच्या कर्जत तालुक्यातले. खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला होता. कोपर्डीत १३ जुलै २०१६ च्या संध्याकाळी आजोबांच्या घरून मसाला आणायला गेलेल्या, नववीत शिकणाऱ्या मराठा मुलीवर बलात्कार करून तिला मारून टाकले होते.

कोपर्डीचा निकाल लागला त्या दिवशी जिल्हाभर एकच वाक्य फिरत होते, "फाशी झाली." मराठीत या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली तरी आपण 'फाशी झाली' म्हणतो आणि माणूस फासावर गेला तरीही तेच म्हणतो. या दोन अर्थांच्या मध्ये अनेक वर्षांचा रस्ता असतो, आणि बहुतेक कैदी त्याच्या टोकापर्यंत पोहोचत नाहीत. २००४ पासून २०२० पर्यंत साऱ्या देशात आठ जण फासावर गेले. त्यांतले दोन महाराष्ट्रात, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अजमल कसाब आणि ३० जुलै २०१५ ला नागपुरात याकूब मेमन. राज्यात फाशीची सोय आहे ती या दोनच तुरुंगांत.

"निकाल लागून एवढी वर्षे झाली, मग अजून फाशी कशी नाही?" हा प्रश्न पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात कितीदा कानावर पडला. प्रश्न रागाचा आहे आणि राग खरा आहे. म्हणूनच त्याचे उत्तर पायरी-पायरीने द्यायला हवे.

सुरुवात नगरच्याच न्यायालयातून करू. कोपर्डीचा खटला न्यायाधीश सुवर्णा केवले यांच्यासमोर चालला, विशेष सरकारी वकील होते उज्ज्वल निकम. ३१ साक्षीदार तपासले गेले. १८ नोव्हेंबरला तिघे दोषी ठरले आणि शिक्षा सुनावली गेली ती २९ तारखेला. मधले अकरा दिवस कशासाठी? दोषी ठरणे आणि शिक्षा ठरणे या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुन्हा केला का, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर 'हो' आले की मग दुसरी सुनावणी होते आणि तिचा विषय गुन्हा नसून माणूस असतो. त्याचे वय काय, तो कोणत्या घरातून आला, आधी काही गुन्हा केला होता का, तो सुधारू शकेल का.

१९५५ पर्यंत आपल्याकडे खुनाला फाशी हा नियम होता. जन्मठेप द्यायची तर न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. १९५५ मध्ये ती अट निघाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पारडे उलटे फिरवले. आता जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी द्यायची तर 'विशेष कारणे' लिहिणे न्यायाधीशावर बंधनकारक झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही अट तशीच आहे.

'विशेष कारणे' म्हणजे काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १९८० मध्ये बचनसिंग खटल्यात दिले. तिथूनच 'दुर्मिळातील दुर्मिळ' हे शब्द आले. वर्तमानपत्रांतून ते इतके वापरले गेले की आता त्यांचा अर्थ 'अतिशय क्रूर' एवढाच उरला आहे. निकालाचा अर्थ तेवढा नाही. गुन्हा कितीही क्रूर असला तरी त्या माणसाच्या बाजूने काय सांगता येते हेही तोलायचे, आणि दुसरी कोणतीच शिक्षा पुरी पडणार नाही अशी खात्री झाली तरच फाशीकडे वळायचे, असा तो अर्थ आहे. गुन्हेगार सुधारणार नाही हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर आहे. सरकारने ते पेलल्याचे निकालपत्रांत फार क्वचित दिसते.

कारण प्रत्यक्षात ही दुसरी सुनावणी बहुतेक वेळा फार आखूड असते. आरोपीचा वकील उठून सांगतो की वय कमी आहे, आईवडील म्हातारे आहेत, मुले लहान आहेत, पहिलाच गुन्हा आहे. चार वाक्ये होतात आणि तो बसतो. गरिबाला मिळालेल्या वकिलाने आरोपीच्या गावी जाऊन, शाळेत विचारून, दवाखान्याचे जुने कागद काढून माहिती गोळा केली असे सहसा घडत नाही. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मनोज खटल्यात मान्य केली आणि सांगितले की फाशीचा विचार असेल तिथे खालच्या न्यायालयानेच परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल, तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल आणि मानसिक तपासणीचा अहवाल मागवावा. नागपूरजवळच्या वाडीत २००८ मध्ये चार वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. त्या खटल्यातली फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कायम केली, २०१७ मध्ये पुनर्विलोकनाचा अर्जही फेटाळला. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने शिक्षेचा प्रश्न नव्याने ऐकायला घेतला, कारण हे अहवाल कधी मागवलेच नव्हते. दोषी असण्याबद्दल वाद नव्हता. माणूस तोललाच गेला नव्हता, एवढेच.

कोपर्डीत या टप्प्यावर आणखी एक प्रश्न होता आणि त्याच्याकडे त्या वेळी फार कमी लोकांनी पाहिले. तिघांवरचा दोष एकसारखा नव्हता. मुख्य आरोपी बलात्कार आणि खुनासाठी दोषी ठरला. उरलेले दोघे कट आणि चिथावणीसाठी. कायद्याने कटातल्या माणसालाही फाशी देता येते, त्यामुळे निकालात बेकायदा काही नाही. पण रस्त्यावर तिघांसाठी मागणी एकच होती. न्यायालयाला मात्र प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

या मागणीचा विषय निघालाच आहे तर त्यावरही थांबायला हवे. ऑगस्ट २०१६ मध्ये औरंगाबादहून मराठा क्रांती मूक मोर्चे सुरू झाले. लाखो माणसे, एक घोषणा नाही, एक दगड नाही. पुढे मुली चालायच्या आणि निवेदनही मुलीच द्यायच्या. त्यात कोपर्डीच्या आरोपींना फाशीची मागणी होती, आरक्षणाची होती आणि अॅट्रॉसिटी कायद्यात बदलाचीही. आरोपी दलित होते, म्हणून एका मुलीचा खून दोन समाजांमधला प्रश्न होऊन बसला. त्या मोर्चांतली आईबापांची भीती खोटी नव्हती. कोपर्डीनंतर शिवारातून शाळेला जाणाऱ्या किती मुलींच्या घरी "आता पुढे नको" असे झाले असेल, हे नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पण लाखो लोकांनी मागितलेली शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम आहे का?

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच यावर दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. १९८३ च्या माच्छीसिंग निकालात म्हटले की समाजाच्या सामूहिक विवेकाला धक्का बसतो तेव्हा फाशी योग्य ठरू शकते. २००९ मध्ये बरियार खटल्यात, जो महाराष्ट्रातलाच होता, न्यायालयाने सावध केले की लोकमत हे शिक्षा ठरवण्याचे माप होऊ शकत नाही. मुंबईच्या शक्ती मिलच्या खटल्यात तिघांना २०१४ मध्ये फाशी झाली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बदलून मरेपर्यंत जन्मठेप केली आणि बजावले की लोकांच्या संतापावरून शिक्षा ठरवता येत नाही. मला दुसरे उत्तर पटते. सामूहिक विवेक सगळ्या खुनांवर सारखा हादरत नाही. खर्ड्यासाठी लाखांचे मोर्चे निघाले नाहीत.

आता दुसरी पायरी. सत्र न्यायालयाने सुनावलेली फाशी ही खरे तर शिफारस असते. उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अमलात आणताच येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी सगळे कागद आपोआप वर जातात. तिथे किमान दोन न्यायाधीश बसतात आणि पुरावा पहिल्यापासून वाचतात. पंचनामा, जबाब, उलटतपासणी, रासायनिक तपासणीचे अहवाल, सगळे. त्यांना वाटले तर ते नवा पुरावाही घेऊ शकतात. दोघांचे मत जुळले नाही तर प्रकरण तिसऱ्याकडे जाते. इतर कोणत्याही शिक्षेला ही आपोआप होणारी फेरतपासणी नाही. ती ठेवली, कारण इंग्रजांच्या काळापासून कायदा करणाऱ्यांना माहीत होते की खालच्या न्यायालयात चूक होते.

याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातल्या सोनईत मेहतर समाजाच्या तीन तरुणांचे निर्घृण खून झाले. कारण आंतरजातीय प्रेमाचे. इथे मारले गेलेले दलित होते आणि मुख्य आरोपी मराठा कुटुंबातले. खटला नाशिकला हलवला आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या एकाला निर्दोष ठरवून सोडले. जवळजवळ दोन वर्षे तो माणूस फाशीचा कैदी होता. सोनईतला गुन्हा घडला होता, बहुतेकांवरचा दोष उच्च न्यायालयातही टिकला, आणि तरीही सहातला एक जण तिथे असायला नको होता.

एक माणूस म्हणजे अपवाद, असे कोणी म्हणेल. त्यासाठी नाशिकचे दुसरे प्रकरण सांगतो. माझ्या मते फाशीबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ते माहीत असायला हवे.

जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतावरच्या घरात दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, घरातल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या समाजातल्या सहा गरीब मजुरांना पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी पुन्हा ठेवली. तीन न्यायालये झाली, वरची पायरी उरली नाही. 'दुर्मिळातील दुर्मिळ' याहून वेगळे काय असणार, असेच तो निकाल वाचून कोणालाही वाटले असते. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना कळवले की काही फाशीच्या शिक्षा चुकीच्या निकालांचा आधार घेऊन दिल्या गेल्या आहेत. त्यांत हेही प्रकरण होते. सहांपैकी एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्याच वर्षी ठरले. म्हणजे अठराच्या आतल्या मुलाला तीन न्यायालयांनी दोषी ठरवले, दोघांनी फाशी सुनावली आणि वय कोणी नीट पाहिले नाही.

मग पुनर्विलोकन उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झालाच नाही. न्यायालयाने प्रत्येकाला ५ लाख रुपये देण्याचा आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. सोळा वर्षे गेली होती. आणि ज्या घरात पाच माणसे मेली, त्या घराला खरा गुन्हेगार कोण हे आजही कळलेले नाही. चुकीच्या माणसाला फाशी सुनावली गेली की बळी गेलेल्यांचा न्यायही त्याच दिवशी संपतो. फाशीच्या बाजूने बोलताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २००० ते २०१५ या काळातल्या फाशीच्या शिक्षांचा अभ्यास केला. वरच्या न्यायालयांतून निघाल्यावर पाच टक्क्यांहून कमी शिक्षा टिकल्या. सुमारे तीस टक्के प्रकरणांत आरोपी निर्दोष सुटले, उरलेल्यांत शिक्षा कमी झाली. कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुबळे होते. २०१५ मध्येच न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्धचे युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करावी, असे सुचवले. हा विचार आपल्याला परका नाही. १९४९ मध्ये संविधान सभेत फाशीच्या अपिलांची चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की अपिलाच्या सोयीपेक्षा फाशीच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे, आणि त्याचा आधार त्यांनी या देशाच्या अहिंसेच्या परंपरेत शोधला होता.

सर्वोच्च न्यायालयानंतरच्या पायऱ्या भराभर सांगता येतात. पुनर्विलोकनाचा अर्ज २०१४ पासून खुल्या न्यायालयात आणि तीन न्यायाधीशांसमोर ऐकावा लागतो. तो फेटाळला तर उपचारात्मक याचिका, म्हणजे त्याच न्यायालयाकडे शेवटची दाद. मग दयेचा अर्ज, आधी राज्यपालांकडे, नंतर राष्ट्रपतींकडे. नव्या संहितेत त्याला मुदती घातल्या आहेत. दयेचा अर्ज फेटाळल्याचे कैद्याला कळवल्यापासून फाशीपर्यंत निदान चौदा दिवस जायला हवेत, हे २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने ठरवले. त्याच निकालाने सांगितले की दयेच्या अर्जावर सरकारने विनाकारण उशीर लावला, तर तेवढ्यावरूनही फाशी रद्द होऊ शकते.

महाराष्ट्रात हे दोनदा घडले आणि दोन्ही वेळा लोक न्यायालयावर चिडले. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच कायम केली होती. दयेच्या अर्जांवर निर्णय व्हायला पावणेआठ वर्षांहून जास्त काळ गेला, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. पुण्यात २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या तरुणीला कंपनीच्याच गाडीतून नेऊन तिच्यावर बलात्कार आणि खून करणाऱ्या दोघांच्या फाशीचा दिवस ठरला होता २४ जून २०१९. त्याआधी त्यांची फाईल सरकारी टेबलांवर आणि न्यायालयात मिळून चार वर्षांहून जास्त पडून होती. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा ३५ वर्षांच्या तुरुंगवासावर आणली, डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. चिडायचे असेल तर त्या टेबलांवर चिडावे. उद्या सकाळी बोलावणे येईल की आणखी पाच वर्षांनी, हे माहीत नसताना कोठडीत दिवस काढणे ही कायद्यात न लिहिलेली दुसरी शिक्षा आहे.

या ३५ वर्षांच्या आकड्याकडेही नीट पाहावे. 'फाशी नाही म्हणजे चौदा वर्षांत सुटणार', हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. २००८ पासून सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग वापरायला सुरुवात केली. सूट न देता २५, ३०, ३५ वर्षे किंवा थेट मरेपर्यंत तुरुंग. गुन्हेगार पुन्हा कोणाच्या मुलीपर्यंत पोहोचू नये, ही मागणी यात पुरी होते. आणि नाशिकसारखी चूक निघालीच तर दार उघडायला माणूस जिवंत असतो.

कोपर्डीच्या मुख्य आरोपीच्या बाबतीत या पायऱ्या पुऱ्या झाल्याच नाहीत. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल येण्याआधीच १० सप्टेंबर २०२३ रोजी येरवडा कारागृहात त्याने आत्महत्या केली. काहींनी म्हटले, सुटला. काहींनी म्हटले, झाली एकदाची फाशी. मला त्या दिवशी कोपर्डीतले ते घर आठवले. सात वर्षे त्या आईबापांना प्रत्येक वेळी 'फाशी कधी' या प्रश्नाला तोंड द्यावे लागले आणि उत्तर शेवटी कोणत्याही न्यायालयाने दिले नाही.

आता पुन्हा २३ नोव्हेंबरकडे येतो. खर्ड्यात मुलाला दिवसाढवळ्या मारहाण करून ठार मारल्याचा आरोप होता. साक्षीदारांना तोटा नव्हता. पण न्यायालयात एकामागून एक साक्षीदार फुटले, आधी दिलेले जबाब नाकारले, आणि हातात पुरावाच उरला नाही. फाशी की जन्मठेप, हा प्रश्न तिथे उद्भवलाच नाही. मूल गेले आणि कायद्याच्या दृष्टीने ते कोणीच मारले नाही. शिक्षा कडक करून यातले काय बदलले असते? साक्ष देऊन संध्याकाळी त्याच गावात, त्याच आळीत परतायचे आहे, दळण तिथेच टाकायचे आहे, मजुरी त्यांच्याच रानात करायची आहे, ही त्या साक्षीदाराची अडचण होती. कलमात फाशी लिहिल्याने ती सुटत नाही. उलट 'माझ्या शब्दाने अमक्याचा पोरगा फासावर जाईल' हे ओझे तिच्यात भर घालते.

महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा २०१७ मध्येच केला. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू केली आणि नव्या संहितेने तर प्रत्येक राज्याला अशी योजना करणे भाग पाडले. देशभराच्या योजनेचे काम असे चालते. जिल्ह्यात एक समिती असते, जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष, पोलीसप्रमुख आणि सरकारी वकिलांचे प्रमुख सदस्य. अर्ज साक्षीदार स्वतः करू शकतो, त्याच्या घरचे करू शकतात, त्याचा वकील किंवा तपास अधिकारीही करू शकतो. उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने धोक्याचा अहवाल पाच कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. त्यावरून न्यायालयात ने-आण करताना पोलीस सोबत देणे, घराभोवती गस्त ठेवणे, आरोपी समोर दिसणार नाही अशी व्यवस्था करून साक्ष घेणे, ओळख लपवणे, गरज पडली तर कुटुंबाला दुसरीकडे हलवणे, असे उपाय करता येतात. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत मिळते आणि खटला चालू असेपर्यंत ते पुन्हा मागता येते. जामखेड-कर्जतच्या एखाद्या वस्तीवर उद्या कोणी काही पाहिले, तर त्याला पोलीस ठाण्यात जबाब देतानाच हा अर्ज मागता आला पाहिजे, आणि ठाण्यातल्या अंमलदाराने तो न विचारता पुढे केला पाहिजे.